सेशन बिनचूक झालं आणि मी नापास झालो

कोन्स सरळ रेषेत, पास वेळेवर, चेंडू एकदाही ग्रिडबाहेर, म्हणजे कोन्सनी आखलेल्या चौकोनाबाहेर, गेला नाही. शिट्टीसुद्धा मी घड्याळ बघून वाजवली. आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी माझ्या नावापुढे 'नॉट यट कॉम्पिटंट', म्हणजे अजून पात्र नाही. कोर्सवाले नापास हा शब्द वापरत नाहीत, पण घरी फोनवर बायकोला सांगताना मला दुसरा शब्द सापडला नाही.

फुटबॉल प्रशिक्षकाच्या डी लायसन्सला पहिल्यांदाच निघालेल्यांसाठी हे लिहितोय. त्यातही जे माझ्यासारखे आहेत त्यांच्यासाठी: आठवडाभर नोकरी आणि रविवारी सकाळी गल्लीतली पोरं गोळा करून मैदानावर. मी कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत शिफ्ट करतो. पावसाळ्यात गांधी मैदानाचं तळं होतं तेव्हा आमची प्रॅक्टिस बंद, एरवी पोरं सहाला हजर.

लायसन्सची शिडी तुम्हाला माहीत असेलच. तरी एका दमात सांगतो. खाली अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे ई आणि डी, मग सी, बी, ए आणि प्रो. सीपासून वरचं सगळं आशियाई संघटनेच्या चौकटीत येतं. आयएसएलमधल्या (इंडियन सुपर लीग) मुख्य प्रशिक्षकाला प्रो लागतं. आपल्याला सध्या त्याचं काही देणंघेणं नाही. महासंघाच्या नोंदणी प्रणालीत तुमचा आयडी आधी तयार ठेवा, कारण जागा निघाल्या की भरतात आणि तेव्हा आधार कार्डाचा फोटो शोधत बसायला वेळ नसतो. फी आणि तारखा सूचनेत बघा, कुणाच्या जुन्या फॉरवर्डवर जाऊ नका. माझा कोर्स सहा दिवसांचा होता. सहा दिवसांची रजा मिळवणं हीच माझी पहिली परीक्षा होती, आणि सुपरवायझर काही कोन्स मोजून पास करणारा माणूस नव्हता.

आता मुद्द्याचं.

कोल्हापुरात फुटबॉलबद्दल मत नसलेला माणूस सापडणं अवघड. संघांची नावंच बघा: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम. कुस्तीच्या तालमींतून फुटबॉलचे संघ उभे राहिले ते दुसरं गाव कुठलं, मला माहीत नाही. शाहू स्टेडियमवर मॅच असली की भजी तळणाराही सांगतो राइट बॅक चुकला कुठे. मी बारा वर्षं राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा बचावपटू, खेळलो. त्यामुळे कोर्सला जाताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती: फुटबॉल मला येतो, आता फक्त कागद आणायचा.

प्रात्यक्षिकासाठी मला विषय आला रिसिव्हिंग आणि टर्निंग. चेंडू घ्यायचा आणि वळायचं. वेळ पंधरा मिनिटं. मी रात्री दोनपर्यंत जागून सेशन प्लॅन काढला, चार रंगांच्या पेनांनी. ड्रिल यूट्यूबवरून उचलली होती, परदेशातल्या कुठल्या तरी अकादमीची. बारा मीटरचा चौकोन, चार कोपऱ्यांवर माणसं, चेंडू घ्या, वळा, पुढच्याला द्या, त्याच्या मागे धावा. दिसायला इतकी देखणी की विचारू नका. सकाळी मैदानावर ती घड्याळासारखी चालली. मी मध्ये उभा राहून "शाब्बास", "कमॉन", "टेम्पो वाढवा" असं ओरडत होतो. मनात म्हटलं, झालं, जिंकलं.

संपल्यावर इन्स्ट्रक्टर सरांनी एकच प्रश्न विचारला. "या पंधरा मिनिटांत कोण सुधारलं?"

मी गप्प. कोण सुधारणार? कुणी चुकलंच नव्हतं. आणि कुणी चुकलं नव्हतं, कारण चुकायला मी जागाच ठेवली नव्हती. अंगावर येणारा एकही माणूस चौकोनात नव्हता. वळायचं कुठे हे कोन सांगत होता. कधी वळायचं, वळायचं की नाही, मागे कोण आहे, यातलं काहीच खेळाडूला ठरवायचं नव्हतं. मी रिसिव्हिंग शिकवत नव्हतो, कवायत घेत होतो.

हे मी जरा ताणून सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाचा, कारण माझ्या बॅचमध्ये याच खड्ड्यात मी एकटा पडलो नव्हतो.

परीक्षकाला तुमची ड्रिल बघायची नसते. तुमचे डोळे बघायचे असतात. तुम्हाला चूक दिसते का, ती विषयातली आहे का, ती थांबवून नीट करता येते का, आणि परत खेळ सुरू झाल्यावर तोच खेळाडू ते स्वतःहून करतो का, एवढंच. त्यासाठी आधी सेशनमध्ये चूक व्हायला हवी. म्हणजे विरोधी खेळाडू हवा, खेळाला दिशा हवी, आणि काहीतरी जिंकायला हवं. ही तीन नसतील तर तुमचा प्लॅन कितीही रंगीत असो, बोलायला तुम्हाला काही सापडणार नाही. मग तुम्ही माझ्यासारखं "शाब्बास" म्हणत बसाल.

तोच विषय मी दुसऱ्या वेळी कसा घेतला ते सांगतो. वीस बाय बारा मीटरचं ग्रिड. दोन्ही टोकांना एक एक सर्व्हर, म्हणजे चेंडू पुरवणारा. आत दोन विरुद्ध दोन. एका सर्व्हरकडून चेंडू घ्यायचा आणि दुसऱ्या टोकाच्या सर्व्हरपर्यंत पोचवायचा, पोचला की एक गुण. बस्स. दोन मिनिटांत चूक हजर. आतला एक जण सर्व्हरकडे सरळ तोंड करून उभा, दोन्ही खांदे समोर, पुढच्या पायावर चेंडू घेतला, पाठीवर डिफेंडर, घाबरून चेंडू जिथून आला तिथेच परत.

मी "थांबा" म्हटलं. सगळे जागच्या जागी. त्याच्याजवळ गेलो. "चेंडू यायच्या आधी तुमच्या मागे कोण होतं?" "माहीत नाही सर." हेच ऐकायचं होतं. मग मी स्वतः त्याच्या जागी उभा राहिलो. चेंडू निघायच्या आधी एकदा खांद्यावरून मागे बघितलं, चेंडू वाटेत असताना परत एकदा. अंग तिरकं, म्हणजे दोन्ही टोकं दिसतील असं. डिफेंडर लांब असेल तर लांबच्या पायावर घेऊन वळायचं, अंगाला चिकटला असेल तर वळायचं नाही, सोबत्याला द्यायचं. मग त्याच जागेवरून तोच पास परत, या वेळी तो करणार. एकदा सावकाश, आणि लगेच "चालू". सगळं मिळून अर्ध्या मिनिटाच्या आत. त्यानंतर तीन मिनिटं मी फक्त त्याच्या मानेकडे बघत होतो. ती मान मागे वळली ना, तेव्हा मला समजलं की मी पास झालो. निकाल लागायचा होता.

आणखी एक उपखड्डा. तुमच्या सेशनमध्ये खेळणारे बाकीचे प्रशिक्षणार्थीच असतात, म्हणजे पंचवीस ते पंचेचाळीस वयाचे बाप्ये, आणि त्यांना सांगितलेलं असतं की तुम्ही बारा वर्षांची मुलं आहात. आमच्यात विदर्भातला एक पोलीस हवालदार होता. तो बारा वर्षांचा झाला की निम्मं ग्रिड भरायचं. कागदावर मुलांसाठी काढलेलं ग्रिड या मंडळींना पुरत नाही, सगळा गोंधळ एकाच कोपऱ्यात होतो आणि तुम्ही कागद धरून बसता. धरू नका. चार कोन उचला, तीन मीटर मागे टाका, पुढे चला. मला वाटायचं मध्येच ग्रिड बदललं की प्लॅन चुकला असं दिसेल. उलट आहे, बघून बदललं याचे चांगले गुण मिळतात.

आणि विषय सोडू नका. रिसिव्हिंगचा विषय असताना कुणी वाईट शॉट मारला तर मारू द्या. जीभ चावा. पेठेतल्या माणसाला हे सगळ्यात जड जातं, दिसलेली प्रत्येक चूक सांगितल्याशिवाय आपल्याला चहा गोड लागत नाही.

नियमांच्या पेपरची फार भीती घालतात, तेवढी नसते. पण जुन्या खेळाडूंनी सावध राहावं. २०१९ पासून गोल किक पेनल्टी एरियाच्या, म्हणजे गोलसमोरच्या बॉक्सच्या, बाहेर जायची गरज नाही, लाथ बसून चेंडू स्पष्ट हलला की खेळात. आमच्या मैदानावर अजून निम्मे बॅक बॉक्सबाहेर पास मागत उभे असतात. २०२५-२६ च्या मोसमापासून गोलकीपरने आठ सेकंदांपेक्षा जास्त चेंडू हातात धरला तर समोरच्याला कॉर्नर. पूर्वीचा सहा सेकंदांचा नियम पाठ असेल तर विसरा. थ्रो-इन, गोल किक, कॉर्नर यांवरून थेट आलेल्या चेंडूवर ऑफसाइड नसतो, हे तर भजीवाल्यालाही माहीत आहे.

भाषेचं म्हणाल तर आमचे वर्ग इंग्रजी-हिंदी मिसळून झाले. माझी हिंदी म्हणजे 'मेरेको ऐसा लगता'. कुणी हसलं नाही. एका गोव्याच्या पोराने आणि मी मिळून हावभावांवर अख्खं सेशन काढलं, आणि सर खूश, कारण आम्ही कमी बोललो. तेव्हा इंग्रजीच्या धास्तीने फॉर्म भरायचं टाळत असाल तर ते आजच सोडा. 'स्पेस', 'सपोर्ट', 'अँगल', 'ट्रान्झिशन' एवढे शब्द आले की गाडं चालतं.

शरीराची मात्र धास्ती घ्या. बाकीच्या सगळ्यांच्या सेशनमध्ये तुम्हाला खेळायचं असतं, रोज, उन्हात. मी अडतिसाव्या वर्षी गेलो. तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरत होतो. आधी महिनाभर धावा. आणि नवे बूट घालून जाऊ नका, हे सांगावं लागतं हेच नवल, पण मी घातले होते.

आता शॉर्टकट. व्हॉट्सअपवर 'पास झालेले सेशन प्लॅन' म्हणून पीडीएफ फिरतात. माझ्याकडे तीन आल्या. त्यातला एक प्लॅन माझ्याच बॅचमध्ये दोघांनी जसाच्या तसा आणला, बाणांसकट. पुढे काय झालं ते सांगत नाही. पैसे घेऊन 'कोर्सच्या आधीचा कोर्स' घेणारेही आहेत. त्यांच्याबद्दल माझं मत चांगलं नाही. तेवढ्या पैशांत बिब्सचा (संघ ओळखायला घालायच्या रंगीत बंड्यांचा) एक संच आणि नंबर चारचे आठ चेंडू घ्या, बाराखालची पोरं त्याच मापाने खेळतात, आणि त्यांच्यावर रोज प्रयोग करा.

'लायसन्स म्हणजे नुसता कागद' म्हणणारे ज्येष्ठही भेटतील. तालमीच्या कट्ट्यावर रोज भेटतात. त्यांचा मान ठेवा, वाद घालू नका, फॉर्म भरा. मोठा खेळाडू नव्हतो, मला कोण विचारणार, असंही वाटेल. खालिद जमील खेळाडू होते हे खरं, पण देशाने त्यांना ओळखलं ते प्रशिक्षक म्हणून. मुंबई एफसीला वर्षानुवर्षं सांभाळलं, मग २०१७ मध्ये ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून दिली, आणि २०२५ मध्ये राष्ट्रीय संघ हाती आला. आपण तिथे पोचणार नाही. पण वाट प्रॅक्टिसच्याच मैदानावरून जाते.

गुरू शोधायचाच असेल तर तोंड बंद ठेवून तुमचं अख्खं सेशन बघणारा शोधा. माझ्या बाबतीत ते शाळेतले पीटीचे निवृत्त सर. फुटबॉल फारसे खेळलेले नाहीत. नापास होऊन आलो तेव्हा धीर वगैरे काही दिला नाही. म्हणाले, "रविवारी येतो." येऊन कठड्यावर बसले, शाळेच्या जुन्या वहीत रेघा ओढत. दहा मिनिटांनी वही दाखवली. अठरा पोरांच्या तीन रांगा मी लावल्या होत्या शूटिंगला. बहुतेकांच्या नावापुढे चार रेघा, काहींच्या तीन. "दहा मिनिटांत पोरानं चारदा चेंडूला पाय लावला. उरलेला वेळ रांगेत नाक खाजवत होतं," सर म्हणाले. त्या दिवशी रांगा मोडल्या. चार-चारचे छोटे सामने लावले, तेव्हा रेघा मोजायला पान पुरेना.

सात महिन्यांनी पुन्हा प्रात्यक्षिक दिलं, तेच वर सांगितलेलं. प्रमाणपत्र आलं. पेठेत पेढे वाटले. सीचा फॉर्म कधी भरणार असं आता लोक विचारतात, गुडघा बरा झाला की बघू म्हणतो.

सर अजून येतात. परवाच्या रविवारी सेशन संपल्यावर मी फुशारकीने विचारलं, "आज किती रेघा, सर?" त्यांनी वही पुढे केली. पोरांची नावं नव्हतीच. वर फक्त माझं नाव आणि खाली मिनिटं.

"पंचेचाळीस मिनिटांपैकी सोळा मिनिटं तूच बोलत होतास, बाळा."