मिर-२१ मोजायचा तर: दमट हवेतली काळजी

प्रथिन न बनवणारे आरएनए कर्कपेशीत जनुकांवर कसा ताबा ठेवतात, हे स्वतः करून पाहायला मिर-२१ हा मायक्रो-आरएनए सोयीचा. लांबी जेमतेम २२ न्यूक्लिओटाइड. अनेक प्रकारच्या गाठींत तो वाढलेला असतो आणि पीटेन, पीडीसीडी-४ या गाठ रोखणाऱ्या जनुकांचं प्रथिन घटवतो. एमसीएफ-७ या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या स्तनकर्करोगाच्या पेशींत तो मुबलक मिळतो. सगळं बिघडतं ते बहुधा पीसीआरच्या (प्रती वाढवून मोजण्याच्या) आधीच, आरएनए काढताना.

सहा वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमधलं मीडियम, म्हणजे पेशींचं पोषक द्रव, पूर्ण उपसा आणि एका वेलला १ मिली ट्रायझॉल (पेशी फोडणारं, फिनॉल-ग्वानिडीनचं द्रावण) घाला. मीडियम मागे राहिलं तर पुढे थर नीट सुटत नाहीत. ०.२ मिली क्लोरोफॉर्म घालून १५ सेकंद जोरात हलवा, ३ मिनिटं ठेवा, मग ४ अंशांवर १२,००० जी वेगाने १५ मिनिटं फिरवा. वरचा स्वच्छ थर घ्या, पण मधल्या पांढऱ्या पडद्याच्या जवळही जाऊ नका. तिथे डीएनए असतो.

आता ०.५ मिली आयसोप्रोपेनॉल आणि १० मायक्रोग्रॅम ग्लायकोजेन (आरएनएला सोबत घेऊन तळाशी बसणारा वाहक) घालून ट्यूब रात्रभर उणे २० अंशांत ठेवा. लांब आरएनए दहा मिनिटांत बसतो, बावीस न्यूक्लिओटाइडचा बसत नाही. साध्या सिलिका कॉलममधून तर तो निसटूनच जातो. धुवायला ७५ नव्हे, ८० टक्के इथेनॉल घ्या, तेही त्याच दिवशी बनवलेलं. मृग लागल्यापासून चवथ उलटेपर्यंत गोव्यातल्या ताळगाव-बांबोळी पठारावरच्या हवेत उघडी राहिलेली इथेनॉलची बाटली पाणी ओढत राहते. मग तुमचं ८० टक्के ८० राहत नाही आणि लहान आरएनए धुऊन जातो. तळाशी बसलेली आरएनएची गोळी वाळतही नाही लवकर. व्हॅक्यूमने वाळवायचा मोह टाळा, कारण कोरडीठाक गोळी विरघळत नाही. पुन्हा क्षणभर फिरवून उरलेला थेंब बारीक टिपने उचला, ५ ते १० मिनिटं झाकण उघडं ठेवा, मग ३० मायक्रोलिटर आरएनेज-मुक्त पाण्यात ५५ अंशांवर १० मिनिटं विरघळवा.

शुद्धता पाहायला प्रकाशशोषण मोजा: २६०/२८० नॅनोमीटरचं गुणोत्तर २च्या आसपास हवं. २६०/२३० दीडच्या खाली असेल तर ग्वानिडीन मीठ उरलंय. पुन्हा अवक्षेपण करा.

सीडीएनएसाठी (आरएनएवरून बनवलेल्या डीएनए प्रतीसाठी) १० नॅनोग्रॅम आरएनए आणि स्टेम-लूप प्रायमर (दुमडून फासा झालेला, प्रत सुरू करणारा तुकडा): १६ अंश ३० मिनिटं, ४२ अंश ३० मिनिटं, ८५ अंश ५ मिनिटं. पहिली पायरी गाळू नका. प्रायमर जेमतेम सहा बेसनी चिकटतो, गरम झालं की सुटतो. मशीन यूपीएसवरच हवं. गडगडाटात वीज गेली की या पायरीचा पत्ता लागत नाही.

क्यूपीसीआर (प्रमाण मोजणारा पीसीआर) तीन-तीन वेलमध्ये लावा. टेम्प्लेट (नमुन्याचा सीडीएनए) नसलेल्या वेलमध्ये सीटी, म्हणजे संकेत दिसू लागतो ते चक्र, ३५ आणि नमुन्यात ३३ आला, तर तो आकडा टाकून द्या. तुलनेचा संदर्भ म्हणून यू-६ या एकट्या लहान आरएनएवर विसंबणं आम्हाला पटत नाही, कर्कपेशीत त्याचंच प्रमाण हलतं. सोबत आरएनयू-४८ हा दुसरा लहान आरएनए घ्या.

मिर-२१ जास्त आहे म्हणून तोच पीटेन दाबतोय असं ठरत नाही. त्यासाठी मिर-२१ला अडवणारा ५० नॅनोमोलर इनहिबिटर, शेजारी तेवढाच निरर्थक क्रमाचा कंट्रोल, आणि ४८ ते ७२ तासांनी पीटेनचा वेस्टर्न ब्लॉट (प्रथिन मोजण्याची चाचणी). एमआरएनए मोजून भागणार नाही. कधी फक्त प्रथिनच घटलेलं असतं. प्रथिन वाढलं तर पीटेनचा ३ प्राइम यूटीआर (एमआरएनएचं प्रथिन न बनवणारं शेपूट) ल्युसिफरेजला, म्हणजे प्रकाश देणाऱ्या जनुकाला, जोडा. मिर-२१च्या २ ते ८ क्रमांकाच्या बेस जिथे बसतात ती जागा बदललेली दुसरी प्रतही करा. इनहिबिटरने मूळ प्रतीचा प्रकाश वाढला आणि बदललेलीचा वाढला नाही, तरच संबंध थेट म्हणायचा.