स्टेलेट सेलवर काम सुरू करताय? आधी प्लेटकडे बघा

स्टेलेट सेल, म्हणजे यकृतातल्या ताऱ्यासारख्या पेशी, म्हटलं की इथल्या लॅबमध्ये नवीन आलेली मुलं थेट फायब्रोसिसवर (यकृतात व्रणासारखे तंतू साचण्यावर) येतात. पण निरोगी यकृतात याच पेशी डिसेच्या पोकळीत (यकृतपेशी आणि रक्तवाहिनी यांच्यामधल्या फटीत) शांत बसून शरीरातलं बहुतांश व्हिटॅमिन ए साठवतात. इजा झाली की साठा रिकामा होतो, अल्फा-एसएमए (पेशी ॲक्टिव्हेट झाल्याची खूण असलेलं प्रथिन) दिसू लागतं, टाइप 1 कोलॅजेन, म्हणजे व्रणाचे तंतू, तयार होतं. मुळात हे जखम भरण्याचंच काम. दारू, हेपॅटायटिस किंवा फॅटी लिव्हरमुळे इजा वर्षानुवर्षं चालू राहिली, तर त्यातून सिऱ्हॉसिस होतो, यकृत व्रणांनी कडक होतं.

हे तुम्हाला माहीतच असेल. मला अडवलं ते प्लास्टिकने. ताज्या वेगळ्या केलेल्या पेशी साध्या कल्चर प्लेटवर ठेवल्या, तर मुद्दाम काहीही न घालता आठवडाभरात त्या आपोआप ॲक्टिव्हेट होतात. निरोगी यकृताचा कडकपणा किलोपास्कलमध्ये मोजतात, प्लेटच्या पॉलिस्टायरीनचा गिगापास्कलमध्ये, आणि पेशीला तो फरक कळतो. वर पेशी वाढवायला वापरतो त्या सीरममध्येही टीजीएफ-बीटा, म्हणजे त्यांना ॲक्टिव्हेट करणारा संदेश-रेणू, असतोच. म्हणजे सातव्या दिवशीचा तुमचा कंट्रोल आधीच आजारी असतो. मग वरून टीजीएफ-बीटा घाला, फरक जेमतेम दिसतो, आणि माणूस अँटिबॉडी बदलत बसतो. अँटिबॉडी बदलू नका! वेगळ्या केल्या त्याच दिवशी थोड्या पेशींचा आरएनए तुलनेसाठी काढून ठेवा, प्रत्येक वेळी. जमलं तर मऊ जेलवर वाढवा. यूव्हीखाली व्हिटॅमिन एची चमक झपाट्याने विझते, म्हणून फोटो आधी.

‘एलएक्स-2 मागव, प्रश्न मिटला’ असं कुणी सांगेल. ती मानवी स्टेलेट सेलची तयार, सतत वाढणारी सेल लाइन उपयोगी आहे, पण मुळातच अर्धवट ॲक्टिव्हेट झालेली. शांत पेशीबद्दलचा प्रश्न तिला विचारू नका. आणि बेंचवरचं शिकायचं तर गाइडला नव्हे, तुमच्याहून दोन वर्षं पुढे असलेल्या सीनियरला धरा, हे माझं ठाम मत. परळच्या ऑपरेशन थिएटरमधून टिश्यू घेऊन खारघरच्या लॅबला जाणार असाल, तर हार्बर लाइनचा वेळही प्रोटोकॉलमध्ये धरा. उशीर झाला की पेशी मरतात.

घाबरू मात्र नका, पहिली आयसोलेशन्स (टिश्यूतून पेशी वेगळ्या करणं) फसतातच. 2012 मध्ये उंदरांत दिसलं की इजा थांबल्यावर यातल्या बऱ्याच पेशी मरत नाहीत, पुन्हा जवळजवळ शांत होतात. स्वादुपिंडातही स्टेलेट सेल असतात; तिथल्या कॅन्सरमध्ये तर 2014 मध्ये उंदरांतल्या अल्फा-एसएमए दाखवणाऱ्या पेशी काढून टाकल्यावर ट्यूमर उलट जास्त आक्रमक झाले. प्रपोजलमध्ये ‘स्टेलेट सेल नष्ट करणे’ असं लिहिलं असेल, तर ते वाक्य आजच खोडा.