मोटार शर्यतीची गोडी मुलांना कशी लावावी: वाटीभर शेंगदाणे घेऊन बसा

अपघातांचे व्हिडिओ दाखवून सुरुवात करू नका. ज्याला विचाराल तो ते दाखवायचाच सल्ला देतो. पोरं डोळे फाडून बघतात हे खरं, पण पुढच्या रविवारी एकही गाडी आपटली नाही की उठून जातात. १९५० साली फॉर्म्युला वनची जागतिक स्पर्धा सुरू झाली वगैरे इतिहासही नंतर.

आधी फक्त अंतर सांगा. शर्यत साधारण ३०५ किलोमीटरची. सोलापूरहून पुणं अडीचशे, म्हणजे पुणं मागं टाकून पार लोणावळ्याजवळ, आणि तेही दीड-दोन तासांत. एसटीत मान अवघडून पुण्याला गेलेल्या पोराला यापुढं काही समजवावं लागत नाही.

खरी गाडी अडते ती पिट स्टॉपला. टायर बदलायला थांबलेला गडी जिंकतो कसा, हे लेकरांच्या पचनी पडत नाही. आमच्या गच्चीवर पहिल्यांदा शर्यत दाखवली तेव्हा एकानं दुसऱ्याला विचारलं, "पुढं होता की बे, मधीच कशाला थांबला?" मी फळ्यावर आलेख काढला. पाचव्या मिनिटाला दोघं मांज्यावरून भांडायला लागले. माझ्या दोन उन्हाळी सुट्ट्या त्या आलेखात गेल्या.

आता असं करतो. तिसरी-चौथीच्या पुढची दोन पोरं समोरासमोर बसवायची. फेऱ्या दहा. नव्या टायरवर पहिल्या फेरीला दंड नाही, दुसऱ्या फेरीला एक शेंगदाणा, तिसरीला दोन, असा टायर झिजेल तसा दंड वाढत जातो. एक दाणा म्हणजे वाया गेलेला एक सेकंद. थांबायचं असेल तर एकदम वीस दाणे मोजायचे, पण दंड पुन्हा शून्यापासून. एकाला थांबू द्यायचं नाही, दुसऱ्यानं पाचव्या फेरीनंतर थांबायचं.

थांबणाऱ्यासमोर तीस दाणे पडतात, दुसऱ्याकडं दहाच. सगळे हसतात. हसू द्या, मधे तोंड घालू नका. इथंच मी घाई करून उत्तर सांगून टाकायचो आणि सगळी मजा जायची. आठव्या फेरीला न थांबलेल्याकडं अठ्ठावीस, थांबलेल्याकडं तेहतीस. नवव्या फेरीला दोघंही छत्तीसवर, आणि गच्ची एकदम गप्प होते. दहाव्या फेरीनंतर न थांबलेल्याकडं पंचेचाळीस, थांबलेल्याकडं चाळीस. "मग दोनदा थांबलं तर?" कुणीतरी विचारतंच. सांगू नका, मांडायला लावा. (हरतो.)

दाणे कच्चे घ्या. एकदा भाजलेले घेतले होते, सातव्या फेरीपर्यंत निम्मा हिशेब पोटात गेला.

चाकं तर दोन-अडीच सेकंदांत बदलतात, मग दंड वीसचा का? कारण पिट लेनमध्ये, म्हणजे टायर बदलायला जायच्या बाजूच्या गल्लीत, बहुतेक ठिकाणी ताशी ८० किलोमीटरची मर्यादा असते आणि बाहेर बाकीचे तीनशेच्या आसपास पळत असतात. खऱ्या शर्यतीत टायर इतक्या झपाट्यानं उतरत नाही, हेही शेवटी कबूल करा. लाल, पिवळ्या, पांढऱ्या पट्ट्यांचे (मऊ, मध्यम, कडक) टायर त्याच दिवशी काढू नका. मी काढले होते, सगळा काला झाला.

आता गोष्ट वाचून दाखवायची. १९ जून २००५, अमेरिकेतलं इंडियानापोलिस. मिशेलिन कंपनीचे टायर तिथल्या एका बाजूला कललेल्या वळणावर टिकतील याची खुद्द कंपनीलाच खात्री नव्हती. वीसपैकी मिशेलिनवाल्या चौदा गाड्या तयारीची फेरी मारून पिट लेनमध्ये गेल्या त्या गेल्याच. उरलेल्या सहांत आपला नारायण कार्तिकेयन होता. तो चौथा आला, पाच गुण मिळाले. फॉर्म्युला वनमध्ये भारतीयाचे ते पहिले गुण. दाण्यांचा खेळ खेळलेलं पोर इथं लगेच म्हणतं, "टायरनंच घोळ केला की!" न खेळलेलं विचारतं, "मग चौदा गाड्या घाबरल्या का?"

झेंडे दहा मिनिटांचं काम: पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे शर्यत थांबवली, निळा म्हणजे मागच्या वेगवान गाडीला वाट दे, चौकटीचा म्हणजे संपली. मग रविवारी टीव्ही लावा आणि दाण्यांची वाटी जवळ ठेवा, कारण मधेच कुणीतरी दंड मांडायला बसणार.