कोल्हापूरच्या थंडीत घर आणि घरची माणसे कमी खर्चात उबदार कशी ठेवावीत

कोल्हापुरात थंडी कधी पडली, हे बहुतेक घरांत खोबरेल तेलाच्या बाटलीवरून कळते. खोबरेल साधारण 24 अंश सेल्सिअसच्या खाली गोठू लागते, त्यामुळे सकाळी बाटली उलटी केल्यावर तेल जागचे हलत नसेल, तर रात्रभर ती खोली या तापमानाच्या बरीच खाली होती, असे धरून चालावे. घरातल्या कोणत्या खोलीत गारठा सर्वांत जास्त असतो, हे ठरवायलाही हीच बाटली पुरते. तीन लहान बाटल्यांत थोडे थोडे तेल घालून त्या संध्याकाळी तीन खोल्यांत ठेवाव्यात आणि कोणती आधी गोठते ते पाहावे. त्या खोलीत लहान मूल किंवा वयस्कर माणूस झोपत असेल, तर पुढचे सगळे उपाय तिथूनच सुरू करावेत.

आपल्याकडची थंडी मुख्यतः पहाटेची असते. डिसेंबर-जानेवारीत दुपारी शहरातला पारा 28 ते 30 अंशांपर्यंत चढतो आणि पहाटे साधारण 14-15 अंशांपर्यंत उतरतो. थंडीची लाट आली की काही दिवस त्याहूनही खाली जातो. पंचगंगेच्या काठच्या आणि उसाच्या शेतांना लागून असलेल्या सखल वस्त्यांत गारठा अधिक बोचतो, कारण रात्री गार झालेली जड हवा सखल भागात साचून राहते आणि तिथे ओलावाही असतो. दुपारी सूर्य फुकट देतो ती ऊब सकाळी आठपर्यंत घरात धरून ठेवणे, एवढेच आपले काम आहे, आणि ते बऱ्याच अंशी जुन्या कापडावर आणि वेळेवर लावलेल्या खिडक्यांवर भागते.

रूम हीटर घ्यावा का, असा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतोच. हिशेब सोपा आहे. 2000 वॉटचा हीटर रोज तीन तास चालला, तर दिवसाला 6 आणि महिन्याला 180 युनिट जळतात. घरगुती वीजबिलात पहिल्या 100 युनिटांनंतर दराचा वरचा टप्पा लागतो, म्हणजे एकटा हीटरच बिल त्या टप्प्यात ढकलतो. ज्या घरात फटींतून वारा येतो, तिथे ही ऊबही हीटर बंद केल्यावर थोड्याच वेळात निघून जाते. म्हणून आधी फटी पाहाव्यात.

पहिली पायरी : वारा कुठून येतो ते शोधणे

पहाटे साडेपाचच्या सुमारास सगळे पंखे बंद ठेवून एक उदबत्ती लावावी आणि ती दाराच्या चौकटीजवळून, खिडकीच्या कडांवरून, नळ आणि वायरी भिंतीतून आत येतात त्या भोकांजवळून सावकाश फिरवावी; पडदे मात्र आधी बाजूला बांधून ठेवावेत. धूर सरळ वर जात असेल तर तिथे काही करण्याची गरज नाही. जिथे तो एकदम आडवा होतो, तिथे खडूने खूण करावी. आमच्या घरी मला खिडक्यांवर संशय होता, पण धूर सर्वांत जोरात आडवा झाला तो टीव्हीच्या मागे, केबलसाठी पाडलेल्या आणि नंतर कुणाच्याच लक्षात न राहिलेल्या रुपयाएवढ्या भोकापाशी, आणि दुसरा मुख्य दाराखाली, जिथे अख्खे बोट आत जात होते. जुन्या वाड्यांत उंबरठा होता, त्यामुळे दाराखालून येणारा वारा तिथेच अडे. नव्या फ्लॅटमध्ये उंबरठा केवळ नावापुरता राहिला आहे.

दाराखालच्या फटीसाठी जुन्या पँटचा एक पाय कापून, एक टोक शिवून, त्यात कोरडी वाळू आणि चिंध्या भरून दुसरे टोकही शिवावे. हा लोड रात्री दाराला आतून टेकवून ठेवला की वारा थांबतो. वायरींच्या भोकांत चिंध्या घट्ट बसवून त्यावर पुट्टी लावावी, आणि खिडकीच्या झडपा नीट मिटत नसतील तर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी फोमची चिकटपट्टी चौकटीला लावावी. जिथे खिडकी हिवाळाभर उघडायचीच नाही, तिथे वर्तमानपत्राच्या पट्ट्या गव्हाच्या पिठाच्या खळीने चिकटवल्या तरी काम होते. फक्त खळीत चिमूटभर मोरचूद घालावे, नाहीतर झुरळे येतात, आणि ते विषारी असल्याने मुलांच्या हाताला लागू देऊ नये. स्वयंपाकघराची झरोका-जाळी आणि बाथरूमची हवा जाण्याची वाट मात्र कधीही बुजवू नये. त्याचे कारण पुढे येईल.

दुसरी पायरी : दुपारचे ऊन आत घेणे

21 डिसेंबरच्या सुमारास कोल्हापुरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून केवळ 50 अंशांच्या आसपास असतो, म्हणजे तो दक्षिणेकडे कललेला असतो. खिडकीची वरची कड जमिनीपासून सात फुटांवर असेल आणि छज्जा आड येत नसेल, तर दक्षिणेच्या खिडकीतून ऊन जवळपास सहा फूट आत येते. या पट्ट्यात दुपारी कॉट, गादी, मुलांचे कपडे, पांघरुणे जे जे ठेवता येईल ते ठेवावे. सकाळी दहाच्या सुमारास खिडक्या उघडाव्यात, दुपारभर हवा खेळू द्यावी, आणि साडेचार-पाचला, म्हणजे सूर्य मावळण्याच्या तासभर आधी, सगळ्या लावून जाड पडदे सोडावेत. साडेसहाला अंधार पडल्यावर खिडक्या लावणारी घरे पहाटे हमखास गार असतात.

एका वर्षी मी जास्तीची हुशारी केली आणि झोपायच्या खोलीच्या खिडक्या प्लॅस्टिकच्या कागदाने कायमच्या बंद करून टाकल्या. पंधरा दिवसांत कपाटामागच्या भिंतीवर काळी बुरशी धरली आणि पांघरुणांना कुबट वास येऊ लागला, कारण रात्रभरच्या श्वासातली वाफ जाणार कुठे? ओली भिंत आणि दमट पांघरूण कोरड्यापेक्षा अधिक गार लागते. 2019 आणि 2021 च्या महापुरांत ज्या घरांत पाणी शिरले, त्यांतल्या ज्या भिंतींना अजून ओल येते, तिथे तर दुपारी हवा खेळवण्याला फटी बुजवण्याइतकेच महत्त्व द्यावे.

तिसरी पायरी : छप्पर

स्लॅबच्या घरात दिवसा तापलेले काँक्रीट रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत असते, त्यामुळे तिथे फारसे करावे लागत नाही. खरा त्रास पत्र्याच्या घरात होतो. पत्रा पातळ असतो, त्यात उष्णता साठत नाही, आणि निरभ्र रात्री तो उघड्या आकाशाकडे ऊब सोडून भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो; पहाटे आतल्या बाजूला दव धरून थेंब अंथरुणावर पडतात ते याचमुळे. यावर स्वस्त उपाय म्हणजे पत्र्याच्या वीतभर खाली बांबूची तट्टी किंवा धुऊन वाळवलेली तागाची पोती जोडून ताणलेले आतले छत बांधणे. मधली हवा हीच तिथली रजई होते. चूल, गॅस आणि वायरींच्या वर मात्र असे छत नको, आणि थर्माकोल किंवा प्लॅस्टिक तर कुठेच नको, कारण ते चटकन पेट घेतात. कौलारू घरात माळा असेल तर तो रिकामा करू नये. त्यावरची जळणाची आणि जुन्या सामानाची गर्दी हिवाळ्यात उपयोगी पडते.

चौथी पायरी : अंथरूण

बहुतेक लोक पांघरुणावर पांघरूण घेतात आणि तरी पहाटे कुडकुडतात, कारण ऊब खालून जात असते. गादीतला कापूस अंगाच्या भाराने दबून पातळ होतो आणि खालच्या शहाबादी फरशीचा गारवा थेट पाठीला लागतो. म्हणून आधी खालची बाजू पाहावी. जमिनीवर झोपत असाल तर चटई, तिच्यावर घोंगडी आणि मग गादी, असा क्रम ठेवावा; कॉटवर झोपत असाल तर गादीखाली तागाची पोती किंवा पुठ्ठे अंथरावेत. गादी दोन-चार वर्षांची असेल तर नवीन घेण्यापेक्षा पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घ्यावा, कारण फुललेल्या कापसात जी हवा अडकते तीच ऊब धरते.

वाकळ घरी करायची असेल तर जुनी सुती लुगडी, धोतरे आणि साड्या घ्याव्यात. नायलॉन किंवा टेरिकॉट चालत नाही, ते घाम टिपत नाही. चार-पाच थर जमिनीवर एकावर एक ताणून पसरावेत, कडा आत दुमडाव्यात, आणि कडेपासून सुरू करून आत आत येत, दोन-दोन बोटांच्या अंतरावर धावदोरा घालावा. दोरा ओढून घट्ट करू नये. टाके सैल राहिले की थरांमध्ये हवा राहते, आणि मशीनवर घट्ट शिवलेली वाकळ दिसायला सुबक असली तरी तिच्यापेक्षा हाताची वाकळ अधिक ऊब देते. वेळ नसेल तर आपले कापड देऊन मजुरीने वाकळ शिवून देणाऱ्या बाया बहुतेक पेठांत आणि गावांत आहेत. एका जाड ब्लँकेटपेक्षा दोन पातळ वाकळी केव्हाही बऱ्या, कारण त्या दोहोंमध्येही हवेचा एक थर असतो.

घोंगडीवर एकदाच खर्च करावा. पट्टणकोडोलीच्या बिरदेवाच्या यात्रेत धनगरांच्या खांद्यावर दिसते तीच ही दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी. ती ओलसर झाली तरी ऊब सोडत नाही. ती टोचते ही तक्रार खरी आहे; म्हणून अंगाला सुती चादर आणि तिच्यावर घोंगडी घ्यावी. कोकराच्या पहिल्या लोकरीची, म्हणजे जावळाची घोंगडी मऊ असते, पण महाग पडते.

डासांसाठी हिवाळ्यातही पंखा लावून झोपण्याची सवय आपल्याकडे फार आहे, आणि मग त्याच वाऱ्यापासून वाचण्यासाठी आणखी एक पांघरूण लागते. त्याऐवजी मच्छरदाणी लावावी. तिच्या आत वारा मंदावतो आणि डासही येत नाहीत.

कपडे, पाणी आणि जेवण

याबाबत थोडक्यात सांगता येईल. एका जाड स्वेटरपेक्षा आत सुती बनियन, त्यावर शर्ट आणि वर पातळ स्वेटर असे तीन थर घालावेत. कान, पाय आणि छाती झाकलेली असावी. पहाटे दूध किंवा वर्तमानपत्र टाकणाऱ्यांनी आणि दुचाकीवर फिरणाऱ्यांनी स्वेटरवर वारा अडवणारे पातळ जर्किन घालावे, कारण विणीतून वारा आरपार जातो.

अंघोळीची एक बादली, म्हणजे 15 लिटर पाणी, 20 अंशांपासून 45 अंशांपर्यंत तापवायला अर्ध्या युनिटाहूनही कमी वीज लागते. 1500 वॉटचा रॉड ते काम सतरा-अठरा मिनिटांत करतो. रॉड पाण्यात बुडवल्यावरच बटण सुरू करावे आणि बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नये. परसात जागा असेल आणि चिपाडे, शेंगांची टरफले किंवा शेणी मिळत असतील, तर तांब्याच्या बंबाला तोड नाही. जेवणात तीळ लावलेली बाजरीची भाकरी, हुलग्याचे माडगे आणि गुऱ्हाळांचा नवा गूळ, हे सगळे याच दिवसांत मिळते आणि परवडते. दारूने ऊब येते हा मात्र भ्रम आहे. तिने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, तेवढ्यापुरते गरम वाटते आणि अंगातली ऊब उलट लवकर बाहेर जाते.

शेगडीबद्दल

कोळशाची किंवा निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नये. धूर नाही म्हणजे धोका नाही, असा समज घातक आहे. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला डोके जड होत असल्याचेही कळत नाही. छोट्या बंद बाथरूममधला गॅस गिझरही हेच करू शकतो. झरोका बुजवू नका, असे वर म्हटले ते यासाठी. गिझर शक्यतो बाथरूमच्या बाहेर बसवून घ्यावा. शेकायचे असेल तर अंगणात शेकावे, आणि उठताना निखारे पाण्याने विझवून मगच घरात यावे.

तान्ही मुले आणि वयस्कर माणसे

तान्ह्या बाळाला सैल जाड पांघरूण घालू नये. ते तोंडावर येऊन श्वास अडू शकतो. त्याऐवजी अंगाबरोबरचे थरांचे कपडे, टोपडे आणि मोजे घालावेत. मानेखाली हात घालून पाहावे. तिथे घाम असेल तर एक थर कमी करावा. अंघोळ दुपारी, उन्हाच्या खोलीत, खिडकी लावून घालावी. गरम पाण्याच्या पिशवीने बाळाचे अंथरूण आधी गरम करावे आणि बाळाला ठेवण्यापूर्वी पिशवी काढून घ्यावी. आजी-आजोबांच्या पायाशी तीच पिशवी टॉवेलात गुंडाळून ठेवता येते, मात्र मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर ती पायाला टेकू देऊ नये, कारण भाजलेले कळत नाही. थंडीत रक्तदाब वाढतो, म्हणून त्यांनी जाग आल्यावर दोन मिनिटे अंथरुणातच बसावे, कान झाकावेत आणि मगच उठावे. पहाटेचे फिरणे ऊन पडल्यावर करावे.

होळीच्या सुमारास थंडी गेली की घोंगडी झटकून दिवसभर उन्हात टाकावी, घडीच्या मध्ये वाळलेला कडुलिंबाचा पाला घालावा आणि सुती कापडात बांधून माळ्यावर ठेवावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधल्यास पावसाळ्यात तिला दमट वास येतो.