गच्चीवरचे पहिले पाणी बोअरवेलमध्ये सोडू नये
पुण्यासारख्या शहरात, जेथे वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, १०० चौरस मीटरच्या गच्चीवरून वाया जाणारा पाचवा हिस्सा वगळूनही सुमारे ५६ हजार लिटर पाणी मिळू शकते; मात्र ते बोअरवेलमध्ये मुरवताना सर्वाधिक दक्षता पहिल्या सरींबाबत घ्यावी. उन्हाळाभर साचलेली धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा याच पाण्याबरोबर खाली येते, आणि भूजल एकदा दूषित झाले की ते स्वच्छ करणे अतिशय कठीण असते. म्हणून गच्चीवरून उतरणाऱ्या पाइपला फाटा काढून त्यावर झडप बसवावी आणि दर चौरस मीटरमागे १ ते २ लिटर, म्हणजे अशा गच्चीचे १०० ते २०० लिटर पाणी आधी बाहेर जाऊ द्यावे. पावसाने बरेच दिवस उघडीप दिली, तर हे पुन्हा करावे. नंतरचे पाणी वाळू, खडी आणि दगडगोटे यांच्या थरांतून गाळूनच आत सोडावे. वरची वाळू दरवर्षी मे महिन्यात काढून धुवावी. मैलापाण्याची टाकी जवळ असेल, तर मात्र बोअरवेलचा विचार सोडून हे पाणी साठवावे आणि बागेसाठी वापरावे.