हालाँग बेमध्ये बोटीवर एक रात्र: रूट, बोट, जेवण, बॅग सगळं

व्हिएतनामला जाणारे आपले लोक हल्ली खूप वाढलेत आणि प्रत्येकाच्या प्लॅनमध्ये हालाँग बे, म्हणजे चुनखडीच्या सुळक्यांनी भरलेली ती खाडी, असतेच, पण बरेच जण हनोईहून सकाळी निघून रात्री परत येणारी डे ट्रिप घेतात कारण ती स्वस्त पडते. माझं मत विचाराल तर जमत असेल तर एक रात्र बोटीवर काढाच. हनोईपासून बंदर एक्सप्रेसवेने सुद्धा दोन-अडीच तासांवर आहे, वर मधे एक थांबा, म्हणजे डे ट्रिपला जाऊन-येऊन पाच-सहा तास बसमध्येच जातात आणि पाण्यावर जे चार-पाच तास मिळतात ते ऐन दुपारचे, सगळ्या बोटी एकाच गुहेसमोर गर्दी करून उभ्या असतात तेव्हाचे. संध्याकाळी डे ट्रिपवाले परत फिरले की खाडी मोकळी होते, उन्हं उतरताना चुनखडीच्या त्या सुळक्यांचे रंग बघता बघता बदलत जातात, आणि सकाळी सहाच्या आत डेकवर आलात तर आजूबाजूला फक्त पाणी आणि डोंगर. पैसे आपण त्या संध्याकाळचे आणि त्या सकाळचे देतो.

आता बुकिंग. इथे सगळे पहिल्यांदा केबिनचे फोटो बघतात, बाथटब आहे का, बाल्कनी आहे का, आणि ती बोट नक्की जाते कुठे हे विचारतच नाहीत. आधी रूट ठरवा, मग बोट. कारण ‘हालाँग क्रूझ’ म्हणून जे विकलं जातं ते तीन वेगवेगळ्या पाण्यांमधलं असतं.

पहिला रूट म्हणजे मूळ हालाँग बे, क्वांग निन्ह प्रांतातला, १९९४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला तो. सुंग सोट ही मोठी गुहा, ‘ती तोप’ नावाचं बेट, लुओन गुहेतलं कयाकिंग, हे सगळं इथे. पोस्टरवर दिसतं ते सगळं बघायचं असेल, पहिलीच वेळ असेल, तर हाच रूट, पण गर्दी धरूनच चाला. दुसरा ‘बाई तू लाँग’ बे, ईशान्येकडे, बोटी कमी, शांत, वुंग व्हिएंग नावाचं तरंगतं कोळीवाड्याचं गाव या बाजूला आहे. तिथली बहुतेक कुटुंबं २०१४ च्या सुमाराला सरकारने किनाऱ्यावर वसवली, त्यामुळे भरलेलं गाव दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका, तरी वल्ह्याच्या होडीतून तिथून फिरताना फार छान वाटतं. तिसरा ‘लान हा’ बे, दक्षिणेला, कात बा बेटाला लागून. तो हायफाँग शहराच्या हद्दीत येतो आणि २०२३ मध्ये युनेस्कोने हालाँगच्या जोडीला कात बा द्वीपसमूहही यादीत घेतला. इथे छोटे छोटे बीच आहेत, कयाकिंगसाठी ‘डार्क अँड ब्राइट’ गुहा आहे. पोहायची आवड असलेल्यांनी आणि कॉलेजच्या ग्रुपने लान हा घ्यावा, आई-बाबांना घेऊन जाणाऱ्यांनी बाई तू लाँग, असं मी सरळ सांगेन. बुक करताना त्यांच्याकडून लेखी घ्या की कुठल्या बंदरावरून निघणार, कुठली ठिकाणं आणि रात्री नांगर कुठे टाकणार.

रूट ठरला की बोट. एका माणसाचे पैसे, दोघांनी केबिन शेअर केली तर, साधारण १०० डॉलरपासून सुरू होतात, १५० ते २०० च्या दरम्यान चांगली बोट मिळते, वर कितीही आहे. एकट्याने जाणार असाल तर केबिनचे जादा पैसे लागतात, ते आधी विचारा. केबिनमध्ये मी तीन गोष्टी बघते: वरच्या मजल्यावर आहे का, इंजिन आणि जनरेटरपासून लांब आहे का, आणि रात्रभर एसी चालू राहतो का. खालच्या मजल्यावर मागच्या बाजूची केबिन स्वस्त असते, पण घरघर रात्रभर उशाशी. बाथटब लागतच नाही खरं तर, कारण केबिनमध्ये आपण थांबतोच कुठे, त्यापेक्षा बाल्कनी किंवा मोठी खिडकी घ्या. मुलं असतील तर ट्रिपल किंवा दोन केबिनमध्ये मधलं दार असलेल्या खोल्या मिळतात का विचारा, आणि मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का हेही त्याच ईमेलमध्ये विचारून टाका. बोटींची नावं एकमेकांसारखी असतात, एकाच कंपनीच्या तीन-तीन बोटी असतात, तेव्हा रिव्ह्यू वाचताना तीच बोट आहे ना बघा आणि अलीकडचे तीन-चार महिन्यांचेच रिव्ह्यू वाचा. सप्टेंबर २०२४ मधल्या यागी चक्रीवादळाने या भागाचं प्रचंड नुकसान केलं होतं, त्यामुळे त्याआधीच्या फोटोंवर तर विसंबूच नका.

कधी जायचं? ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात भारी, म्हणजे आपली दिवाळीची सुट्टी बरोबर बसते. हवा कोरडी, आकाश स्वच्छ, पाणी अजून फार गार नाही. मार्च-एप्रिलही चांगले पण मार्चमध्ये धुकं आणि भुरभुर असते, काहींना ते धुक्यातले डोंगर जास्त आवडतात, फोटो मात्र राखाडी येतात. डिसेंबर ते फेब्रुवारी थंडी असते, १५ अंशांच्या आसपास, आणि वाऱ्यामुळे डेकवर त्याहून जास्त वाजते, ‘व्हिएतनाम म्हणजे गरम’ असं समजून फक्त टी-शर्ट नेऊ नका. जानेवारी-फेब्रुवारीत त्यांचं नवीन वर्ष, तेत, येतं, तेव्हा भाव चढतात आणि शहरात खूप काही बंद असतं. मेच्या सुट्टीत जाता येतं, उकाडा असतो पण चालतं. जून ते सप्टेंबर वादळांचा मोसम, त्यातल्या त्यात जुलै ते सप्टेंबर टाळता आले तर टाळाच.

आणि हे मी कळकळीने सांगतेय. बोट सोडायची की नाही हे बंदराचे अधिकारी ठरवतात, क्रूझ कंपनी नाही. हवा बिघडली की आदल्या संध्याकाळी किंवा त्याच दिवशी सकाळी सुद्धा ट्रिप रद्द होते, कधी रात्री थांबायला बंदी करून फक्त दिवसाच्या फेरीला परवानगी देतात. अशा वेळी एजंटशी भांडू नका. १९ जुलै २०२५ ला दुपारी अचानक आलेल्या वादळात तिथे एक पर्यटक बोट उलटली आणि ३५ हून जास्त माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. म्हणून बुकिंग करताना हवामानामुळे रद्द झालं तर पूर्ण पैसे परत की तारीख बदलून, अर्ध्यातून परत आणलं तर किती परत, हे आधीच लेखी घ्या. आणि क्रूझ कधीही परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी ठेवू नका, मधे किमान एक दिवस हनोईत मोकळा ठेवा, म्हणजे तारीख पुढे ढकलता येते. बोटीवर चढल्यावर सेफ्टीची माहिती देतात तेव्हा फोन खाली ठेवून ऐका, जॅकेट केबिनमध्ये कुठे आहे ते हात लावून बघा, बाहेर पडायचा रस्ता मुलांना दाखवून ठेवा.

बोट लागेल का ही भीती बऱ्याच जणांना असते. बेटं इतकी आहेत, छोटी-मोठी धरून दोन हजारांच्या जवळपास, की समुद्राच्या लाटा आत पोचेपर्यंत त्यांचा जोर संपलेला असतो, हवा नीट असेल तर पाणी तळ्यासारखं शांत असतं. तरी ज्यांना घाटात सुद्धा त्रास होतो त्यांनी आपल्या डॉक्टरला विचारून गोळी बरोबर ठेवावी, हनोईहून येणाऱ्या व्हॅनमध्येच ती जास्त उपयोगी पडेल.

कागदपत्रं: ई-व्हिसा सरकारी साइटवरूनच काढा, सिंगल एंट्री २५ डॉलर, मल्टिपल ५० डॉलर, ९० दिवसांपर्यंतचा मिळतो. मधल्या एजंटांच्या सरकारी दिसणाऱ्या साइट भरपूर आहेत, जपून. बोटीवरच्या प्रवाशांची यादी बंदरावर द्यावी लागते, त्यासाठी ओरिजिनल पासपोर्ट लागतो, तो हनोईच्या हॉटेलमध्ये ठेवून येऊ नका. मोठ्या बॅगा मात्र हॉटेलमध्येच ठेवा, बहुतेक हॉटेलं ठेवून घेतात. बोटीवर जाताना बऱ्याचदा आधी छोट्या होडीत बसावं लागतं आणि केबिन लहान असते, तिथे चार चाकांची सुटकेस नुसती अडगळ. एका सॅकमध्ये दोन जोड कपडे, स्विमिंगचे कपडे, पट्ट्याच्या चपला, गुहेसाठी न घसरणारे बूट, पातळ जॅकेट, सनस्क्रीन, टोपी, कयाकमध्ये फोन ठेवायला वॉटरप्रूफ पाऊच. पाण्याची स्वतःची बाटली न्या, हालाँगच्या बोटींवर २०१९ पासून एकदाच वापरून फेकायच्या प्लॅस्टिकवर बंदी आहे, आणि ती आपण मनापासून पाळावी अशी माझी विनंती आहे, चिवड्याची रिकामी पिशवी सुद्धा सॅकमध्येच परत.

जेवणाबद्दल जरा सविस्तर, कारण आपल्याकडे पहिला प्रश्न तोच असतो. मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे, कोळंबी, कालवं, शिंपल्या, आणि माकुळाचे तळलेले वडे ही तर हालाँगची खासियत, चा म्युक म्हणतात, मिळाले तर सोडू नका. मसाला आपल्यापेक्षा फारच सौम्य, म्हणून कोकणातल्या माणसाला पहिला घास फिका वाटेल, पण मासा ताजा असतो. शाकाहारी लोकांनी फक्त ‘व्हेज’ लिहून भागत नाही. तिथे फिश सॉस भाजीत पण पडतो आणि ऑयस्टर सॉसही, तेव्हा बुकिंगच्या वेळी ईमेलमध्ये स्पष्ट लिहा की मांस नाही, मासे नाहीत, फिश सॉस नाही, ऑयस्टर सॉस नाही, अंडं चालतं की नाही, आणि जैन असाल तर कांदा-लसूण नाही. तिथे बौद्ध परंपरेमुळे शाकाहार नवीन नाही, ‘आन चाय’ म्हटलं की लगेच कळतं, टोफू, मशरूम, भाज्या, भात असं नीट करून देतात, फक्त आधी सांगितलेलं असायला हवं कारण किचनचं सामान सकाळीच बोटीवर चढतं. बंदरावर पोचल्यावर गाइडला परत एकदा आठवण करा. तरीही दशम्या, मेतकूट, लोणच्याची छोटी पाकिटं असू द्या, आजी-आजोबा बरोबर असतील तर नक्कीच. ड्रिंक्स पॅकेजमध्ये धरलेली नसतात, महाग असतात, आणि बाहेरून बाटली नेली तर बऱ्याच बोटी वेगळे पैसे लावतात.

दिवस साधारण असा जातो. सकाळी आठ-साडेआठला हनोईच्या ओल्ड क्वार्टरमधून गाडी घेते. ‘लिमोझिन’ असं लिहिलेलं असेल तर ती म्हणजे नऊ-दहा सीटची आरामशीर व्हॅन, थोडे जादा पैसे देऊन तीच घ्या. वाटेत एका मोठ्या दुकानात थांबवतात, मोती, भरतकाम वगैरे, घ्यायची सक्ती नाही, बाथरूमला जाऊन या. बाराच्या सुमाराला बोटीवर, जेवण आणि जेवता जेवताच खिडकीतून सुळके सुरू होतात, इथे जेवण गार झालं तरी चालेल पण बाहेर बघा. दुपारी कयाक किंवा वल्ह्याची बांबूची होडी, एकाच पॅकेजमध्ये दोन्हीतलं एक निवडता येतं. गुडघे दुखणाऱ्यांनी होडीच घ्यावी, वल्हवणारी माणसं स्थानिक असतात. ती तोप बेटावर वर चढायला ४०० च्या वर पायऱ्या आहेत, उंच आणि उन्हात, वरून खाडी फार सुंदर दिसते पण आई-बाबांना खाली बीचवर बसवा. बेटाचं नाव सोव्हिएत अंतराळवीर गेरमान तितोव यांच्यावरून आहे, १९६२ मध्ये ते हो ची मिन्ह यांच्याबरोबर इथे आले होते. सुंग सोट गुहेतही पायऱ्या आहेतच, आत मात्र इतकी प्रशस्त की मान वर करून बघत राहावं. पोहायचं असेल तर गाइड सांगेल तिथेच, वाटेल तिथे उडी मारू नका.

संध्याकाळी डेकवर स्प्रिंग रोल करायला शिकवतात, मुलांना आवडतं. पण सूर्य मावळत असेल तर मी सरळ पुढच्या टोकाला जाऊन बसेन. रात्री जेवणानंतर दिव्याखाली माकूळ पकडायला गळ देतात, लागेलच असं नाही, बसून गप्पा मारायला छान. मोठ्याने गाणी लावू नका प्लीज, पाण्यावर आवाज लांब जातो आणि शेजारच्या बोटीवर पण लोक याच शांततेसाठी आलेले असतात. सुळक्यांमुळे नेटवर्क येतं-जातं, घरी आधीच सांगून ठेवा.

सकाळी साडेसहाला ‘ताई ची’, म्हणजे सावकाश हालचालींचा चिनी व्यायाम, असतो, त्याच्या अर्धा तास आधी उठा. उजेड फुटताना सुळक्यांच्या पायाशी बघा, पाण्याने खडक आतून खाल्लेला दिसतो. इथे भरती-ओहोटी दिवसातून साधारण एकदाच येते, आपल्या कोकण किनाऱ्यासारखी दोनदा नाही, आणि फरक चार मीटरच्या जवळ जातो, त्यामुळे काल कयाक गेलेली कमान आज अर्धी पाण्यात असू शकते, गाइडने कयाकची वेळ बदलली तर कारण बहुतेक हेच. हलका नाश्ता, मग उरलेलं एखादं ठिकाण, आणि केबिन साडेनऊच्या आसपास सोडावी लागते, म्हणून गुहेत जायच्या आधीच बॅग भरून ठेवा. दहाला ब्रंच, तेव्हाच ड्रिंक्सचं बिल येतं, नीट वाचून द्या. टिप डाँगमध्ये, म्हणजे तिथल्या चलनात, सुटी ठेवा, खोक्यात टाकली की सगळ्या स्टाफमध्ये वाटली जाते. त्यांच्या दोन लाखांच्या नोटेच्या मागे याच खाडीतला धूपदानीच्या आकाराचा दगड आहे, हालाँगच्या रूटवर बऱ्याच बोटी त्याच्या जवळून जातात, नोट हातात धरून फोटो काढायचा असेल तर गाइडला आदल्या दिवशीच सांगा.

साडेअकरा-बाराला बंदरावर उतरवतात आणि हनोईत पोचायला दुपारचे तीन वाजतात, रस्त्यात गर्दी असेल तर चार. त्या संध्याकाळी निन्ह बिन्ह किंवा ‘सापा’ या पुढच्या ठिकाणांची गाडी पकडायची असेल तर रात्री आठनंतरचीच बुक करा.