नव्या पार्टीला जेवायला बोलावताना: मुंबईत छोटं बिझनेस लंच कसं करावं

मी मिठाईचे आणि सुक्यामेव्याचे बॉक्स बनवून देतो. नवी पार्टी ऑफिसात भेटली की दहा मिनिटांत बोलणं रेटवर येतं आणि तिथेच अडकतं. त्याच माणसाबरोबर दीड तास निवांत जेवलं, की सध्याच्या सप्लायरकडे त्याचं नेमकं काय अडतंय ते तो आपणहून सांगतो. ते ऐकण्यासाठी हे जेवण करायचं, हे मनात पक्कं असलं की पुढचं सगळं सोपं जातं.

कोणाला बोलवायचं

एकूण सहा जण पुरे. आठाच्या वर गेलात की टेबलाचे दोन तुकडे पडतात आणि तुम्ही एकाच बाजूला अडकता. तुम्ही, तुमचा एक सहकारी, तीन नव्या पार्ट्या आणि एक जुना, समाधानी ग्राहक. हा जुना माणूस फार महत्त्वाचा. "दिवाळीत ह्यांनी रात्री अकराला टेम्पो पाठवला होता," असं तो सहज बोलून गेला की तुम्हाला स्वतःबद्दल काही सांगावं लागत नाही. मात्र एकाच बाजारातले दोन मिठाईवाले शेजारी बसवू नका. दोघंही धंद्याबद्दल चकार शब्द काढणार नाहीत.

कोणता दिवस

मुंबईत हे ठरवणं सगळ्यात कठीण. सोमवार, गुरुवार, शनिवार अनेकांचे उपवासाचे वार. मंगळवारी सिद्धिविनायकामुळे प्रभादेवीच्या बाजूला गर्दी. शुक्रवारी मुस्लिम पाहुण्यांची दुपारची नमाजाची वेळ. फिरून फिरून मी बुधवारवर येतो.

वार ठरला तरी कॅलेंडर उघडून बघाच. एकदा मी न बघता मंगळवारी पाच जणांना बोलावलं आणि नेमकी अंगारकी निघाली. दोघांचा उपवास, तोही चंद्रोदयानंतर सुटणारा. वेटर गरम पोळ्या वाढत होता आणि ते दोघं लिंबू सरबताचा ग्लास हातात धरून बसले होते. त्यांच्याकडे बघून बाकीचेही हात आखडून जेवले. पाऊण तासात सगळे उठले. चूक माझी होती आणि तिचं मला आजही वाईट वाटतं, कारण उपाशी माणसाला मी भरल्या पानांसमोर बसवलं होतं.

श्रावण, पर्युषण, नवरात्र आणि रमजान टाळा. पितृपक्षात नवा व्यवहार न करणारेही पुष्कळ आहेत. पाहुणे छोटे व्यावसायिक असतील तर महिन्याची ११ आणि २० तारीखही सोडा. दर महिन्याला जीएसटी रिटर्न भरणाऱ्यांच्या त्या शेवटच्या तारखा, त्यामुळे डोकं हिशेबात असतं. मार्चचं तर नावच काढू नका.

कुठे बसायचं

जागा पाहुण्यांच्या सोयीची हवी. सगळे फोर्टमध्ये असतील तर तुम्ही फोर्टला जा. पाहुणे वेगवेगळ्या दिशांनी येणार असतील तर दादर बरं, पश्चिम आणि मध्य दोन्ही रेल्वे तिथे मिळतात. पावसाळ्यात स्टेशनपासून पाच मिनिटांच्या आतलीच जागा बघा.

नावाजलेल्या ठिकाणाचा मोह होतो. बॅलार्ड इस्टेटमधलं १९२३ पासूनचं ब्रिटानिया रेस्टॉरंट कोणाला आवडत नाही? पण रांग लागते अशा जागी पाहुण्याला नेऊ नये. मागे कोणीतरी खुर्चीची वाट बघतंय म्हटल्यावर कोण मोकळं बोलेल? आदल्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी स्वतः जाऊन जेवून या. स्पीकर कुठे आहे, एसीचा झोत कोणत्या खुर्चीवर येतो, स्वयंपाकघराचं दार किती वेळा आपटतं, हे तिथे बसल्यावरच कळतं.

निमंत्रण

आधी फोन करा, मग व्हॉट्सअ‍ॅप. माझा मेसेज साधारण असा असतो: "नमस्कार शहासाहेब. येत्या बुधवारी साडेबारा ते दोन, दादरला आपल्यासारखेच तीन-चार व्यावसायिक जेवायला भेटतोय. तुम्ही आलात तर आनंद होईल. जैन जेवणाची सोय केली आहे, आणखी काही पथ्य असेल तर नक्की कळवा." कोण कोण येणार हे फोनवर सांगून टाका आणि दोनची वेळ पाळा.

थाळी की मेन्यू कार्ड

थाळीत कोणाला किमतींकडे बघावं लागत नाही, आणि कांदा, लसूण, बटाटा नको म्हणणाऱ्यांची सोयही बऱ्याच गुजराती थाळीवाल्यांकडे असते. अडचण एकच. वाढपी दर दोन मिनिटांनी येतो आणि कोणी महत्त्वाचं सांगू लागला की नेमकी मधे डाळ येते. म्हणून मी मेन्यू आधीच ठरवून देतो: एक सूप, दोन भाज्या, डाळ, भात, एकच गोड. सगळं शाकाहारी, एक भाजी पूर्ण जैन. दारू दुपारी नकोच.

आणि आपला तो आग्रह! "घ्या हो, एक तरी," असं आपण प्रेमानेच म्हणतो, पण पन्नाशीच्या माणसाला शुगर असू शकते आणि ते त्याला चारचौघांत सांगायचं नसतं. एकदा विचारा, नाही म्हणाले की थांबा.

टेबलावर

पहिला अर्धा तास धंद्याचा विषय काढू नका. मग एखादा साधा प्रश्न विचारा. "तुमचं दिवाळीचं काम कधी सुरू होतं?" एवढ्यावर मिठाईवाला वीस मिनिटं बोलतो: बॉक्स उशिरा आले, तुपाने तळ ओला झाला, झाकण सैल बसलं. तुम्ही फक्त ऐका. रेट कोणी विचारलाच तर "उद्या सकाळी लिहून पाठवतो" म्हणा.

नमुना पिशवीत ठेवा आणि मागितला तरच काढा. मागणारा माणूस बॉक्स हातात घेतो, अंगठ्याने कोपरा दाबून बघतो, झाकण दोन-तीनदा उघडतो आणि मिटतो. त्या वेळी गप्प राहा, त्याला बघू द्या.

बिल

बिल टेबलावर येऊच नये. पाहुणे यायच्या आधी मॅनेजरकडे कार्ड देऊन ठेवा. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, त्यामुळे त्याचं काय ते तेव्हाच बोलून घ्या. बिल फर्मच्या नावाने घ्या, पण जेवणावरच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट (म्हणजे भरलेला जीएसटी आपल्या देण्यातून वळता होणं) मिळत नाही हे धरूनच बजेट करा. रोख देऊ नका. एका दिवसात एकाच ठिकाणी १०,००० रुपयांहून जास्त रोख दिले तर तो खर्च इन्कम टॅक्समध्ये धरला जात नाही.

नंतर

संध्याकाळी दोन ओळींचे आभार, त्यात रेटचा उल्लेख नाही. पण गाडीत किंवा लोकलमध्ये बसल्या बसल्या, कोणी काय अडचण सांगितली ते वहीत लिहून घ्या, रात्रीपर्यंत निम्मं विसरायला होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्याने विचारलं त्याला कोटेशन, वर त्याचीच अडचण त्याच्याच शब्दांत. आणि दोन दिवसांत त्याच्या मापाचा एक कोरा, छपाई नसलेला बॉक्स माणसाबरोबर दुकानात पाठवा. अर्धा किलो काजूकतली त्यात नीट बसते का, झाकण घट्ट राहतं का, ते त्याला त्याच्याच काउंटरवर बघू द्या.